गेलात एफडी करायला, आलात पॉलिसी घेऊन! असं का होतं?

एफडीची मुदत संपली म्हणून बँकेत जावं आणि विमा पॉलिसी घेऊन परत यावं, हा अनुभव अनेकांना आलाय. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत बँकांना चुकीच्या विमाविक्रीवरून सुनावलं होतं.

काउंटरपलीकडच्या माणसाला महिन्याचं टार्गेट असतं आणि काही वर्षांत त्याची बदली होते. तुमचा पाचवा हप्ता जाईल तेव्हा तो तिथे नसतो. गल्लीतल्या एलआयसी एजंटचं गणित वेगळं. पहिल्या वर्षी कमिशन मोठं, पण पुढेही हप्ता भरला जाईल तसं त्याला थोडंथोडं मिळत राहतं. शिवाय तो लग्नाबारशाला समोर येणार, आणि क्लेमच्या वेळी घरचे त्याचंच दार वाजवणार. म्हणून तो जपून विकतो. (नातेवाईक एजंटही नको ती पॉलिसी गळ्यात मारतात, हेही खरंच!)

फसलात, तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. मात्र अर्ज लेखी आणि थेट विमा कंपनीकडे द्या. बँकेत तोंडी सांगून भागत नाही.