सातेरीचा वाटा

मे संपत आला. घराघरांत पुरुमेंत भरून झाला. सुके बांगडे, सुंगटे, सोले, मिरच्या, फणसाच्या आठळ्या असे सगळे डबे-बरण्यांत जाऊन बसले. पावसाळ्याचे चार महिने घराला काही कमी पडू नये म्हणून आपल्या आया-आज्यांनी केलेली ही व्यवस्था. पण पावसाळ्यात ज्या एका गोष्टीची आपण सगळ्यांत जास्त वाट पाहतो, ती मात्र या पुरुमेंतात कधीच येत नाही. ती म्हणजे अळमी.

आमच्या ऑफिसात दुपारच्या चहाला सध्या दोनच विषय असतात. पाऊस केरळात पोचला का, आणि यंदा अळमी कधी येणार. मृग लागला की लोक आकाशाकडे बघू लागतात, आर्द्रात रस्त्याच्या कडेला बघू लागतात. विजा कडाडल्या की अळमी वर येतात, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. परवा आमचा एक सहकारी हिमाचलला जाऊन आला. तिकडे बर्फ वितळल्यावर वसंतात जंगलात गुच्छी नावाची अळंबी मिळते, ती वाळवून हजारो रुपये किलोने विकतात, असे कौतुकाने सांगत होता. मी म्हटले, गुच्छी वाळवता येते, म्हणून ती दिल्ली-मुंबईच्या हॉटेलांत जाते. आमचे रोयणीचे अळमे सकाळी काढले की त्याच दिवशी चुलीवर चढायला हवे. दुसऱ्या दिवशी त्याला वास मारतो, अळ्या पडतात. साठवता येत नाही आणि बटण अळंबीसारखे खोलीत पिकवणे व्यापारी पातळीवर जमलेले नाही. तेव्हा वाट पाहणे एवढेच आपल्या हाती. आजचा लेख या वाट पाहण्यावरच आहे, कारण नेमके तेच आपण विसरत चाललो आहोत असे मला वाटते.

माझे आजोळ सत्तरीत, वाळपईच्या पलीकडे. मामाच्या काजूच्या भाटाला लागून एक उतार आहे. माझ्या लहानपणी तिथे पाच रोयणी होत्या. एक माझ्या डोक्याहून उंच, बाकीच्या बसक्या. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पण शनिवारी दुपारी मी आजोळी पळायचो. रविवारी उजाडायच्या आत मामा मला उठवायचा. हातात जुनी विजेरी, डोक्यावर गोणपाटाची खोळ आणि कमरेला कोयता. त्या कोयत्याने तो वाटेतली झुडपे सारायचा. अळम्यांना कोयता कधी लावला नाही.

रोयणीच्या पायथ्याशी पांढरी-करडी अळमी उभी असायची. काही कळ्या, काही अर्धी उघडलेली, काही छत्रीसारखी पसरलेली. मामा उघडलेली आणि अर्धी उघडलेली घ्यायचा. मातीच्या पातळीवर दोन बोटांत धरून हलकेच पिळायचा. खाली गेलेली लांब मुळी मातीतच राहायची. मी एकदा हावरटपणे ती मुळी उपसायला काठीने माती उकरली, तेव्हा त्याने माझ्या हातावर चापट मारली होती. सगळे काढून झाले की रोयणीच्या वरच्या अंगाला उभी असलेली चार-पाच चांगली टपोरी अळमी तो तशीच सोडायचा. मी विचारले तर म्हणाला, "तीं दवर. तो सातेरीचो वांटो."

तेव्हा मला ती भाबडी श्रद्धा वाटली होती. कॉलेजात शिकायला लागल्यावर तर मामाच्या या वाट्याची मी थोडी थट्टाही केली. आज ती आठवली की ओशाळायला होते.

गोमंतकीयांना सातेरी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या कितीतरी देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच पुजले जाते. मातीतून वर आलेली, वाढत जाणारी, सगळ्यांना पोसणारी ती सातेरी. आता विज्ञान या वारुळाबद्दल काय सांगते ते पाहा. रोयणीतली वाळवी पालापाचोळा, वाळके लाकूड चावून आत नेते आणि त्याचे पोळ्यासारखे, स्पंजासारखे मखर रचते. त्यावर ती बुरशी वाढवते. वाळवीला जे पचत नाही ते ही बुरशी कुजवून देते आणि बुरशीच्या बारीक पांढऱ्या गाठी वाळवी खाते. म्हणजे ही चक्क शेती झाली. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची, वाळवीची सुमारे तीन कोटी वर्षांची. पावसाळ्यात हीच बुरशी जमीन फोडून वर येते, तिला आपण अळमे म्हणतो. शास्त्रज्ञ या कुळाला टर्मिटोमायसीस म्हणतात. आपल्याकडे गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि ही ठेव जपा म्हणून वेळोवेळी लिहिले.

यातली एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तिने माझी झोप उडवली. पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचा थवा येतो ना, त्या नवीन घर मांडायला निघालेल्या असतात. बहुतेक जातींत ही जोडपी आईच्या घरून बुरशी बरोबर घेऊन जात नाहीत. त्यांची पहिली पिल्ले कामकरी होऊन बाहेर पडतात, तेव्हा पालापाचोळ्याबरोबर अळम्याचे बीजकण त्यांना रानात मिळावे लागतात. ते मिळाले तर नव्या रोयणीत शेती सुरू होते, नाही तर ती रोयण उभीच राहत नाही. हे बीजकण येतात कुठून? पूर्ण उघडलेल्या अळम्याच्या छत्रीखालून. कळीतून नव्हे.

मामाने सोडलेली ती चार-पाच अळमी उघडायची, बीज सांडायची आणि जागेवर कुजायची. सातेरीचा वाटा सातेरीलाच पोचायचा.

आता आजच्या बाजाराकडे बघू. गेल्या श्रावणात मी मोलेच्या रस्त्याने येत होतो. पानात बांधलेल्या अळम्यांच्या पुड्या घेऊन बायका पावसात बसल्या होत्या. भाव ऐकून मी मागे सरलो. शंभर नगांना हजाराच्या पुढे. पण श्रावणात घरी मासे नाहीत, अळम्यांची शाकुती म्हणजे निवट्यांची चैन, शिवाय पाहुणे यायचे होते. पुडी उघडून पाहिली तर आत सगळ्या कळ्या. बोटाएवढ्या, घट्ट मिटलेल्या. "मावशे, फुल्लेलीं नात?" असे विचारले, तर ती हसली. "सगळ्यांक कळ्योच जाय, बाबा. फुल्लेलीं कोण व्हरना."

खरे आहे ते. कळी टिकते थोडी जास्त, दिसते छान, शिजल्यावर कुरकुरीत लागते. उघडलेले अळमे दुपारपर्यंत मऊ पडते. शिवाय काढणाऱ्याचीही अडचण समजून घ्या. आज आपण कळी सोडली तर उद्या पहाटे दुसरा कोणी येऊन ती नेणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. मग तो कळीच काढतो. दुसरा त्याच्याही आधी येतो आणि मातीवर फुगवटा दिसला की पारयीने खणतो. खणले की खालचे मखर फुटते. मामाच्या पाचांतली एक रोयण अशीच गेली. रात्री कोणीतरी येऊन ती पायथ्यापासून उकरून ठेवली होती. मामा दोन दिवस नीट जेवला नाही.

आणि मी? मी त्या मावशीकडून कळ्या घेतल्या. घासाघीस करून घेतल्या. शाकुती उत्तम झाली, पाहुण्यांनी बोटे चाटली. तेव्हा दोष फक्त खणणाऱ्याचा, असे मला म्हणता येत नाही.

कायदा आहे का? आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढता येत नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली जाहीर झाली, भगवान महावीर, बोंडला, खोतीगाव त्याआधीची. वन खात्याने तिथे लक्ष ठेवावे हे योग्यच. पण कायद्याचा सगळा बडगा त्या पावसात बसलेल्या बाईवर पडावा, हे मला पटत नाही. गावडे, वेळीप, धनगर कुटुंबांतल्या बायकांना या दोन महिन्यांत मिळणारे पैसे शाळेच्या वह्या-पुस्तकांना आणि चवथीच्या बाजाराला लागतात. पिढ्यान् पिढ्या रोयणी राखल्या त्या त्यांनीच. शिवाय अनेक रोयणी अभयारण्यात नाहीतच. त्या भाटांत आहेत, डोंगरउतारांवर आहेत, देवराईत आहेत. तिथे धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल बोलायला मला थोडे स्वतःच्या टेबलाकडे यावे लागेल.

मी सरकारी कारकून. जमिनीची कागदपत्रे माझ्या हाताखालून जातात. एक-चौदाचा उतारा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात. जिथे पीक येत नाही ती जमीन पोटखराब. काही वर्षांपूर्वी एक फाईल माझ्याकडे आली. डोंगरउताराचा तुकडा, उताऱ्यावर बराचसा भाग पोटखराब. मी टिपण लिहिले, सही केली, फाईल पुढे गेली. नियमात काही चूक नव्हती. वर्षभराने त्या बाजूने जाणे झाले, तेव्हा जेसीबीने उतार सपाट केला होता आणि लाल मातीच्या ढिगात राखाडी, भोकाभोकांचे तुकडे पडलेले दिसले. ते काय आहे हे ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. सत्तरीत वाढलेल्या माणसाला ते कळतेच. देवळात जिला आपण मळवट भरतो, ती उताऱ्यात पोटखराब असते. रोयणीला तिथे रकाना नाही.

नोकरी सांभाळून मी यावर किती लिहावे हा प्रश्न आहे. असो. पण रकाना नसला तरी पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत रोयणींची नोंद करता येते. २००२च्या जैवविविधता कायद्याने ती सोय दिलेली आहे. कोणत्या वाड्यावर किती रोयणी, कोणत्या नक्षत्रात कोणती अळमी येतात, शितांएवढी बारीक कुठे आणि मोठी कुठे, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. नेमकी जागा उघड करू नये, नाही तर पारयवाले तिथेच पोचतील. माझ्या मामाने तर स्वतःच्या जावयालाही जागा सांगितली नव्हती. पण वाड्यागणिक आकडा तरी लिहून ठेवू या.

आणि ज्यांना कागदाशी काही देणेघेणे नाही, त्यांच्या हातात पिशवी तर आहेच. आपण कळ्या मागितल्या नाहीत तर कळ्या निघणार नाहीत. उघडलेली अळमी मागा. मऊ असतील, कापताना फाटतील, पण चवीला काडीचाही फरक पडत नाही. भाव करायचा असेल तर उघडलेल्यांना दोन रुपये जास्त द्या. ओळखीच्या, गावच्या बाईकडूनच घ्या. स्वतः रानातून उचलून आणायचे धाडस मात्र करू नका. विषारी अळंबी दिसायला हुबेहूब असू शकते, आणि चांदीचे नाणे काळे पडते का बघण्याच्या परीक्षेवर जिवाचा भरवसा ठेवता येत नाही.

काही जण म्हणतील, चार कळ्या सोडून काय होणार, डोंगरच कापला जातो आहे. मान्य. पण ज्याला श्रावणातले अळमे हवे असते त्यालाच डोंगर कापल्याचे दुःख होते. ताटातून अळमे गेले की त्या उतारासाठी बोलायला कोण उरणार? माझ्या मुलीला शाकुती आवडते, पण रोयण तिने अजून जवळून पाहिलेली नाही. हा दोष तिचा नाही.

मामाच्या पाचांतल्या आता दोनच उरल्या आहेत. एक उकरली गेली, दोन वाट रुंद करताना गेल्या. मामा ऐंशीच्या घरात आहे, गुडघे चालत नाहीत. गेल्या रविवारी फोन केला तर म्हणाला, यंदा तूच ये, चेडवाक घेवन ये. आर्द्रातला एखादा रविवार आम्ही ठरवला आहे. पावसाचा नेम नाही, त्या दिवशी अळमी मिळतील न मिळतील. मिळाली तर उघडलेली तेवढी घेऊ. वरच्या अंगाची मुलीलाच मोजायला सांगेन आणि ती तिथेच सोडून येऊ.