गाडी कोण चालवणार?

आमच्या मेहुण्यांनी इटलीच्या सहलीचा तक्ता पाठवलाय. सकाळी फ्लॉरेन्स सोडायचं, वाटेत कियांतीतल्या चार वायनरी उरकायच्या, संध्याकाळी सिएना. टोलला रकाना आहे, जेलातोलाही आहे. गाडी कोण चालवणार, याला नाही. जाणारे चौघं आणि चौघांनाही वाईन चाखायचीय!

इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालतं. लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील, तर थेंबभरही नाही. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं म्हणा, पण पैसे मोजलेली वाईन थुंकून टाकणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.

म्हटलं, "दाजी, चारातल्या तीन खोडा."

फ्लॉरेन्सहून सिएनाला हमरस्त्याने तासाभरात पोचता येतं. पण मजा आहे ती कियांतिजानाची, म्हणजे एसआर २२२ ची. ग्रेवे, पान्झानो, कास्तेल्लिना अशी गावं घेत हा रस्ता टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून जातो. एका वळणावर द्राक्षांच्या रांगा थेट खाली उतरताना दिसतात, पुढच्या वळणावर ऑलिव्हची करडी झाडं. नकाशातल्या किलोमीटरवर इथे विसंबू नये.

कियांती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो, त्याची दंतकथाही प्रवासाचीच. फ्लॉरेन्स आणि सिएनाची हद्द ठरेना. शेवटी तोडगा निघाला: कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, भेटतील तिथे सीमा. सिएनावाल्यांनी आपला पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवलं. तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला आणि जवळजवळ सगळं कियांती फ्लॉरेन्सला मिळालं. इतिहासातली नोंद रुक्ष आहे: १७१६ साली कोसिमो तिसरा मेदिची याने फर्मान काढून कियांतीची सीमा आखली. मला कोंबडाच पटतो.

माझं मत विचाराल, तर मुक्कामच द्राक्षमळ्यातल्या आग्रितुरिस्मोत करावा. दुपारी गाडी लावून टाकायची, आधी वेळ ठरवून ठेवलेल्या एकाच तळघरात जायचं आणि सांजोवेजे द्राक्षाची वाईन सावकाश प्यायची. खोलीपर्यंत पायीच यायचं असतं.

बाकी कटकटी नेहमीच्याच. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्यावं. जुन्या गावांच्या वेशीवर 'झेडटीएल'ची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची पाटी दिसली की गाडी बाहेरच ठेवावी. आत कॅमेरे असतात आणि दंडाचा कागद घरी परतल्यावरही गाठतो.

आणि एक दिवस निव्वळ गाडी चालवायला ठेवावा, वाल दॉर्चाच्या खोऱ्यात. सान क्विरिको ते पिएन्झा हा तुकडा छोटासा आहे, पण दर वळणाला थांबावंसं वाटतं. त्या दिवशी वाईनऐवजी पिएन्झाचं पेकोरिनो चीज खावं. त्यावर इटलीच्या पोलिसांची मर्यादा नाही. दाजींच्या डॉक्टरांनी घातली असेल, तेवढीच.