गोळी, दम आणि आपला निर्णय



पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींशी आरोग्यावर बोलायला मी गेले होते. ८०० मीटर पळून आलेली एक नवविवाहित मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘ताई, माला-एननं दम कमी होतो का? सर म्हणतात, गोळ्या बंद कर.’’ आधीच्या तुकडीतल्या एकीनं हेच ऐकून गोळी सोडली होती. मैदानी चाचणीच्या वेळी ती गरोदर होती. नवऱ्यानं निरोध वापरावा, हे मात्र सरांनी सुचवलं नव्हतं.

उत्तर देण्याआधी मला वाचावं लागलं. व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, यावरून दम मोजतात. गोळीमुळे ही क्षमता किंचित घटल्याचं काही अभ्यासांत दिसलं, काहींत फरकच दिसला नाही. गोळी आणि व्यायामातली कामगिरी यांवरचे ४२ अभ्यास २०२० साली एकत्र तपासले गेले. सरासरी फरक असलाच तर नगण्य, असा निष्कर्ष निघाला. पण प्रत्येकीचा अनुभव वेगळा असू शकतो. यातले बरेच अभ्यास कच्चे होते, हेही नोंदवलं गेलं. गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली. साठ वर्षांनंतरही एवढ्या साध्या प्रश्नाचं पक्कं उत्तर नसावं?

१९७० साली अमेरिकी सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर सुनावणी चालू असताना बायकांनी उठून विचारलं, गोळी घेणाऱ्या बाईची साक्ष का नाही? पाकिटात माहितीपत्रक आलं ते या रेट्यामुळे.

आपल्याकडे दम जातो तो मुख्यतः दुसरीकडेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तच कमी, तर प्राणवायू वाहून नेणार कोण? उलट गोळीनं पाळीतला रक्तस्राव सहसा कमी होतो. माला-एनच्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्या ‘बिनकामाच्या’ म्हणून फेकून देणाऱ्या कितीतरीजणी मला भेटल्या आहेत.

म्हणून गोळीची भलामण करायची असं नाही. रक्तदाब जास्त असेल, रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर ही गोळी घेऊ नये. सुरू करण्याआधी तपासणी हवी, नंतरही तक्रारी ऐकणारं कुणीतरी हवं. तो आपला हक्क आहे.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासलं, ते नऊ निघालं. उपचार सुरू झाले. गोळी चालू ठेवायचं तिनं स्वतः ठरवलं.

आपापल्या गटात हिमोग्लोबिनची तपासणी करा, गोळी घेणाऱ्यांचे अनुभव लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. आपल्या शरीराबद्दलचं ज्ञान आपल्याला वगळून तयार होणार असेल, तर ते अपुरंच राहणार.