फोन सजवताय? जरा थांबा!
दोस्तांनो, अँड्रॉइड फोनवर ॲपची चित्रं हवी तिथं मांडा, कळफलकसुद्धा बदला. कोणी अडवत नाही! आयफोन मात्र भलता शिस्तीचा. तो आला २००७ साली, पण चित्रांच्या मध्ये हवी तिथं मोकळी जागा सोडायला २०२४ साल उजाडलं! तोवर सगळी वरून ओळीनं उभी, प्रार्थनेच्या रांगेसारखी.

हसू आलं ना? पण आजोबांना विचारा. त्यांना फोनचं चित्र रोज त्याच जागी लागतं. तुम्ही ते 'सजवून' हलवलंत, तर रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन लावायचा कसा?

गंमत म्हणजे, सोपेपणाही मुद्दाम करून घ्यावा लागतो. आयफोनमध्ये २०२३ पासून 'असिस्टिव्ह ॲक्सेस' ही सोय आहे: मोजकीच चित्रं, पण चांगली मोठी. कुठली ठेवायची, ते मात्र आजोबांनाच ठरवू द्या हं!