दुसऱ्या घराचा सातबारा

शनिवारी दुपारी पनवेलहून नेरे-मालडुंग्याकडे, माथेरानच्या पायथ्याला मुंबईच्या गाड्या धावू लागतात. ही मंडळी आपल्या दुसऱ्या घरी निघालेली असतात. हल्ली त्यांची तक्रार अशी की हे घर परवडत नाही. टँकर महागला, राखणदाराचा पगार वाढला, कोकणच्या पावसात छप्पर गळते, गज गंजतात. घर शहराच्या हद्दीत असेल तर कर आहेच. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली आणि 2021 मध्ये मागील वर्षांसह कराची बिले आली, तेव्हा सिडको वसाहतींत उठलेला गदारोळ वाचकांना आठवत असेल.

धनदांडग्यांच्या या रडगाण्याशी आपल्याला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. 2024 साली अटल सेतू झाला, 2025 साली विमानतळ सुरू झाले, आणि 'आता भाव वाढणार' म्हणून पालिकेतून, रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे बांधवही फंडाचे पैसे फार्महाऊसच्या प्लॉटमध्ये घालू लागले आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला अंगण हवेसे वाटले तर आम्ही त्याला हसणार नाही.

असेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. दोन गुंठ्यांचा प्लॉट, दलालाने करून दिलेला नोटरीचा कागद. चार वर्षे ते राखणदारीचे आणि पाण्याचे पैसे भरत होते, सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव नाही. उतारा काढला तर भोगवटादार वर्ग 2, महार वतनाची जमीन!

ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते वतन 1958 च्या कायद्याने गेले. जमीन मूळ कुटुंबांना मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही या शर्तीवर. 2025 साली पुण्याच्या मुंढव्यातील 40 एकरांचा व्यवहार याच कारणाने गाजला. शिवाय कूळ कायद्याचे कलम 63 आहे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. दलाल यातले काहीच सांगत नाही.

वतनदाराचे वारस त्याच गावात राहतात. दलालाने त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतले होते. त्यांच्या हातावर पडलेली रक्कम ऐकून आमचे गृहस्थ मान खाली घालून बसले. फसलेला आपला आणि नागवलेलाही आपलाच! त्यात शर्तभंग ठरला तर जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार वारसांवर, दलालावर नाही. म्हणून नुसता पैसे परत मिळण्याचा दावा ठोकून मोकळे होण्यास आम्ही नकार दिला. वारसांना सोबत घ्या, आधी ते मुखत्यारपत्र रद्द होऊ द्या, असे सांगितले.

गृहस्थ तयार झाले आहेत. वारसांशी बोलणे येत्या रविवारी गावच्या विहारात ठरले आहे.