काका, आता बाजूला व्हा

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात डेरियन नावाचं गाव आहे. तिथे कुणाच्या छातीत कळ आली की दाराशी येणाऱ्या अँब्युलन्समधून शाळकरी मुलं उतरतात. बड डोबल यांनी १९७० साली सुरू केलेली ही सेवा ‘पोस्ट ५३’ या नावाने ओळखली जाते आणि रात्रंदिवस चालते. नववीतलं मूल अर्ज करतं, आधी वायरलेसवर बसतं, मग गाडीत बसून कामाची पद्धत बघतं. सोळाव्या वर्षी रीतसर परीक्षा देऊन ते तातडीच्या उपचारांचं तंत्रज्ञ होतं. सोबत प्रशिक्षित मोठी माणसं असतातच. पण नवख्यांना घडवण्यात वरच्या वर्गातली मुलं पुढे असतात, कारण शिकलेली तुकडी दर वर्षी कॉलेजसाठी गाव सोडते. जाणाऱ्यांनी मागे कुणाला तयार केलं नाही, तर गाडीत बसायला माणूस उरणार नाही.

हे ऐकून आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा पोरांच्या हाती जीव द्यायचा?

प्रश्न गैर नाही, पण त्याआधी हे काम काय आहे ते पाहू. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटीमीटर खोल दाब द्यावा लागतो. प्रत्येक वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत धडधाकट माणसाचाही दाब उथळ होतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणून शेजारी कुणीतरी मोजत उभं असावं लागतं: ‘अजून खोल’, ‘घाई नको’, ‘आता दुसऱ्याला द्या’. शक्यतो स्वतः हात न घालता सगळ्यांकडे लक्ष ठेवणं हे म्होरक्याचं काम. दाब द्यायला अंगात वजन लागतं, म्हणून लहान मुलं तिथे कमी पडतात. मोजायला आणि सांगायला वजन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिलेल्या उपक्रमात बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास हे शिक्षण शाळेत द्यावं असं म्हटलं आहे. डेन्मार्कने ते २००५ मध्येच शाळेत सक्तीचं केलं.

माझ्या मते खरी अडचण मोठ्यांच्या बाजूला आहे. पंधरा वर्षांची मुलगी छातीवर दाब देणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाला सगळ्यांदेखत ‘काका, तुमची कोपरं वाकतायत’ म्हणते, तेव्हा काका कोपरांऐवजी तिच्या वयाचा विचार करू लागतात. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी कोवळ्या मुक्ताबाईला गुरू केलं ही कथा आपण कीर्तनात माना डोलवत ऐकतो. घरी आल्यावर मात्र ‘लहान तोंडी मोठा घास’ ही म्हण आपल्या ओठांवर तयार असते.

अडचण त्या मुलीचीही आहे. आपल्या भाषेत मोठ्यांना काही सांगायचं तर वाक्य आधी वाकतं: ‘तुम्ही जरा फोन करता का, म्हणजे जमलं तर…’ या ‘जरा’ आणि ‘जमलं तर’मध्ये मोलाचे क्षण जातात. प्रशिक्षणात ती शिकते बोट दाखवून एका माणसाला एकच काम सांगणं: ‘निळ्या शर्टातले काका, तुम्ही १०८ ला फोन लावा. लागला की मला सांगा.’ आणि काकांनी मोठ्याने उत्तर द्यायचं: ‘लागला.’ यात अहो-जाहो सुटत नाही, आदरही कमी होत नाही. वाक्य तेवढं सरळ होतं. हा सराव पुस्तकातून होणारा नाही. मोठी माणसं समोर गुडघ्यावर बसलेली असतील आणि सांगितलेलं ऐकतील, तेव्हाच तो होतो.

म्हणून सोसायटीत, कार्यालयात या प्रशिक्षणाची शिबिरं होतील तेव्हा मुलांना टाळ्या वाजवायला मागे बसवू नका. सरावाच्या पुतळ्याभोवतीची एक तरी फेरी पूर्ण त्यांच्या हाती द्या. वडील थकले की त्यांना ‘बाबा, बाजूला व्हा’ म्हणण्याची आणि वडिलांना ते निमूट ऐकण्याची सवय तिथेच लागू दे. हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना रस्त्यात किंवा कचेरीत घडत नाहीत, घरात घडतात. आणि दुपारी तीन वाजता आपल्या कितीतरी घरांत आजोबा, आजी आणि नुकतीच शाळेतून आलेली नात, एवढीच माणसं असतात.