तुर्की पंक्तींतलें वांगें

परदेशी पक्वान्नांचीं उपाहारगृहें आतां आपल्याकडे इतकीं झालीं आहेत कीं, त्यांचें नवल करण्याचे दिवस सरले. चिनी शेवया जालन्यांत हातगाडीवर मिळतात, आणि इटलीची भाकर मुलें घरीं मागवितात. तथापि तुर्की जेवण म्हटलें म्हणजे जुन्या वळणाच्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडतेच. तुर्क म्हणजे शिगेवर फिरणारें मांस, तेथें आपलें काय काम, अशी समजूत. ती अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्यांत मात्र आपल्या चुलीशीं नातें सांगणारें पुष्कळ कांहीं आहे. आणि ज्या घरांतील मुलें वडिलांना हौसेनें अशा ठिकाणीं नेऊं इच्छितात, त्या घरांनीं तें आधीं जाणून घेतलें तर जाणाऱ्यासही सुख होईल व नेणाऱ्यासही.

आम्हांस हा योग गेल्या आश्विनांत आला. माझ्या काकूंच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्याकरितां आम्ही घरचीं सात माणसें मुंबईस गेलों होतों. सर्व यथास्थित पार पडलें, काकूंस दूरचें स्वच्छ दिसूं लागलें, आणि त्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, म्हणाला, "आजी, आतां डोळे चांगले झाले आहेत, तर कांहीं चांगलें बघायला चल." हें 'चांगलें' म्हणजे एक बडें तुर्की उपाहारगृह निघालें. काकूंचें वय ब्यायशी. कांदा, लसूण व वांगें त्या आषाढी एकादशीपासून वर्ज्य करितात, तें मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य होईपर्यंत. कांदेनवमीस हौस भागवून घ्यावयाची आणि मग जवळजवळ पांच महिने नांव काढावयाचें नाहीं. पुतण्यानें "तिथें शाकाहारी पुष्कळ मिळतें" एवढ्यावर जागा राखून ठेविली होती. शाकाहारी आणि चातुर्मासी यांत जें अंतर आहे, तें परगांवीं वाढलेल्या मुलांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. घरांत थोडी कुजबुज झाली. सून म्हणाली, बेत रद्द करावा. काकूच म्हणाल्या, "पोरगा एवढ्या हौसेनें नेतो आहे. मला कांहीं नाहीं मिळालें तर मी ताक पिईन."

तुर्कांकडे ताक असतें, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. परंतु तें असतें. त्याचें नांव आयरान. दह्यांत पाणी व मीठ घालून घुसळावयाचें आणि वरचा फेंस मोडूं न देतां थंडगार द्यावयाचें. हिंग नाहीं, जिरें नाहीं, आलें नाहीं. इंग्रजींतला 'योगर्ट' हा शब्दही मूळचा तुर्कीच. काकूंनीं एक घोट घेऊन "फोडणी राहिली" एवढाच अभिप्राय दिला, आणि आणखी एक पेला मागविला.

आरंभीं लहान लहान बशांतून जे चवीचे पदार्थ येतात त्यांस 'मेझे' म्हणतात. हा मूळ फारशी शब्द, अर्थ चव. तोच आपल्याकडे येऊन 'मजा' झाला. तुर्कानें त्यांतली चव ठेविली, आपण सुख ठेविलें. पदार्थांची यादी वाचीत गेलें म्हणजे अशीं ओळखीचीं माणसें पावलोपावलीं भेटतात. चोर्बा हा शोरबा, पिलाव हा पुलाव, हेल्वा हा हलवा, बादेम म्हणजे बदाम. 'शेकेर' या शब्दाचें तर आजोळच आपल्याकडे आहे: आपली शर्करा इराणांत शकर झाली व पुढें तुर्कस्तानांत शेकेर. उलट भाजी चिरण्याचा चाकू आपण तुर्कांकडून घेतला आणि किल्ल्यावरची तोफही. विजापूरची ती मुलूखमैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, ती निजामशाहीच्या पदरच्या एका तुर्काच्या हातून. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राजव्यवहारकोश रचून यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी चाकू आणि तोफ आपल्या जागीं राहिलीं तीं राहिलींच.

आम्हां जालनेकरांना तर तुर्कस्तान अगदींच परकें म्हणतां यावयाचें नाहीं. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि सातव्या निजामाच्या दोघां पुत्रांचीं लग्नें १९३१ सालीं फ्रान्सांतील नीस येथें उस्मानी राजकुळांतील मुलींशीं झालीं. त्यांतली दुर्रुशेवार ही १९२४ सालीं पदच्युत झालेल्या शेवटच्या खलिफाची कन्या. म्हणजे आमच्या जुन्या राजाचे व्याही तुर्क! व्याह्यांच्या घरीं काय शिजतें तें प्रजेला कळावयास नव्वद वर्षें लागलीं, इतकेंच.

पण खरें नातें आहे तें वांग्याचें. वांगें भाजावें, तळावें, भरावें, दह्यांत कालवावें. तुर्की पाकशास्त्रांत त्याचा थाट पाहून मराठवाड्यांतला मनुष्य चकित होतो, कारण हा मान आपल्याच घरीं आहे असें तो समजत असतो. संस्कृतांतील 'वातिंगण' इराणांत 'बादिंगान' झालें, अरबांकडे 'बादिंजान', आणि तुर्कांच्या जिभेवर 'पातलिजान'. तोच अरबी शब्द पश्चिमेकडे जाऊन पोर्तुगिजांचा 'बेरिंजेला' झाला, त्यांच्या गलबतांतून हिंदुस्थानांत उतरला आणि साहेबाच्या तोंडीं 'ब्रिंजल' होऊन शाळेच्या पुस्तकांत बसला. मीं वर्षानुवर्षें मुलांकडून 'ब्रिंजल म्हणजे वांगें' असें पाठ करून घेतलें. लेक जग फिरून नवें नांव घेऊन माहेरीं आलेली आहे, हें त्या धड्यांत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. (मूळ शब्द द्राविडांचा असावा असें कित्येक पंडित म्हणतात, तसें असल्यास आजोळ आणखी दक्षिणेस सरकलें.) जालन्याचें नांव वांग्याबरोबर एकदां देशभर गाजलें, तें मात्र निराळ्या कारणानें. येथल्या महिको कंपनीनें सिद्ध केलेल्या बीटी वांग्यास २०१० च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें स्थगिती दिली. त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे.

आतां पथ्याचें. तुर्की जेवणांत 'झेतिनयाली' नांवाचा एक वर्गच आहे: ऑलिव्हच्या तेलांत मंद शिजवून थंड वाढावयाच्या भाज्या. यांत रूढीनेंच मांस घालीत नाहींत. शाकाहारी मनुष्यानें हा एक शब्द पाठ केला तरी निभावतें. 'दोलमा' म्हणजे शब्दशः भरलेलें. वांगें, भोपळी मिरची, काय हवें तें भरावें. द्राक्षाच्या पानांत मसाल्याचा भात गुंडाळला कीं ती 'सार्मा', आपल्या अळुवडीची दूरची बहीण. गंमत अशी कीं, मांसावांचून भरलेल्या दोलम्यास ते 'यालांजी' म्हणतात, म्हणजे खोटा, लबाड. या न्यायानें आपल्या घरचीं भरलीं वांगीं पिढ्यान्‌पिढ्या लबाडी करीत आलीं आहेत! सावध राहावयाचें तें दिसण्यांत निरुपद्रवी असलेल्या पदार्थांविषयीं. चोर्बा मसुरीचा असला, पिलाव नुसत्या तांदळाचा असला, तरी तो पुष्कळदां मांसाच्या रश्शांत शिजविलेला असतो. हें विचारण्यांत संकोच करूं नये.

काकूंनीं तो केला नाहीं. त्यांनीं व्यवस्थापकाला जवळ बोलावून आपल्या हिंदींत विचारलें, "बेटा, ये चावल किसमें पकाया?" तो तरुण क्षणभर थांबला, आंत गेला, विचारून आला, आणि म्हणाला कीं आजचा पिलाव रश्शांतला आहे, वीस मिनिटें द्याल तर वेगळ्या भांड्यांत पाण्यावर लोण्यांत करून देतों, कांदाही घालणार नाहीं. त्याला "शुद्ध शाकाहारी आहे" म्हणून मोकळें होतां आलें असतें. कोणाला कळलें असतें? ज्या घराच्या नेमावर त्याचा स्वतःचा विश्वास असण्याचें कारण नव्हतें तो नेम त्यानें सांभाळला. चांदीच्या दीपदानांपेक्षां आणि मखमली बैठकांपेक्षां मला त्या उपाहारगृहाचा मोठेपणा तेथें दिसला.

मग तें प्रसिद्ध पक्वान्न आलें, 'इमाम बायिल्दी'. नांवाचा अर्थ 'इमामसाहेबांना मूर्च्छा आली.' कोणी म्हणतात चवीनें आली. दुसरी गोष्ट अशी सांगतात कीं, इमामानें तेलाच्या व्यापाऱ्याची मुलगी केली आणि हुंड्यांत उत्तम तेलाचे बारा रांजण घेतले. बायको रोज हें वांगें करी, इमाम रोज वाहवा करी. तेराव्या दिवशीं ताटांत वांगें नाहीं. विचारतां कळलें कीं बाराही रांजण संपले. तेव्हां इमाम कोसळला. काकूंनीं गोष्ट मन लावून ऐकली व त्यांत काय काय घालतात तें विचारलें. वांगें चिरून त्यांत कांदा, लसूण, टोमॅटो. "म्हणजे माझा सगळा चातुर्मास एका ताटलींत आला म्हणायचा," असें म्हणून त्यांनीं ती ताटली आपल्या हातानें आमच्याकडे सरकविली. पुतण्याचें तोंड उतरलें होतें. त्याला त्या म्हणाल्या, "तूं खा. कसें लागतें तें मला नीट सांग, म्हणजे झालें." त्यानें घासाघासाला सांगितलें.

एक गोष्ट मला त्या टेबलापाशीं प्रथमच दिसली. साठ वर्षें काकू शेवटच्या पंक्तीस जेवल्या. काका असतांना तसें, आणि मागाहूनही तसेंच; कोणी सक्ती केली नव्हती, पण कोणी "आधीं बसा" असेंही म्हटलें नव्हतें. त्या दिवशीं त्या मधोमध बसल्या होत्या आणि भात वाफेचा होता. वाढणारा वाढावयास आला कीं त्या खुर्चीवरून उठूं लागत. सुनेनें दोनदां हात धरून बसविलें. जेवण झाल्यावर तुर्क आचारी स्वतः बाहेर आला. तुर्कांत जेवणारानें करणाराला 'एलिनिझे सालिक' म्हणावयाचें असतें. अर्थ, 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो.' हें पाहुण्यानें यजमानिणीस म्हणावें, तसेंच मुलानें आईसही. आपण 'अन्नदाता सुखी भव' म्हणतों. परंतु अन्नदाता म्हणजे बहुधा ज्याच्या गांठचे पैसे तो. चुलीपाशीं जी उभी असते तिला काय म्हणावें, याचें ठरलेलें वाक्य मला तरी आठवेना. "आज आमटी बरी झाली" हें फार तर, आणि तेंही मीठ मागितल्यानंतर.

शेवटीं कॉफी आली. ती गाळीत नाहींत. चोथा तळाशीं बसूं द्यावयाचा आणि वरची प्यावयाची. त्यांच्याकडे मुलगी मागावयास मंडळी आली म्हणजे मुलीनें ही कॉफी करून द्यावयाची असते, आणि नवऱ्या मुलाच्या पेल्यांत साखरेऐवजीं मीठ घालावयाचें. त्यानें तोंड वांकडें न करतां पिऊन दाखविली म्हणजे तो उतरला. हें ऐकून आमच्या पुतणीचे डोळे असे चमकले कीं, आमच्याकडच्या कांदेपोह्यांचें पुढें काय होणार, याची मला काळजी वाटूं लागली. देयकाचा आंकडा पुतण्यानें आम्हांस पाहूं दिला नाहीं. मीं ओझरता पाहिला. आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याची त्यांत सोय झाली असती.

जालन्यास परतल्यावर चंपाषष्ठी आली, खंडोबाला भरीत-रोडगे झाले, आणि दुसऱ्याच दिवशीं काकूंनीं इमामाचें वांगें करावयास घेतलें. नातवानें सांगितलेली चव त्यांच्या पुरती ध्यानांत होती. ऑलिव्हच्या तेलाची बाटली त्यानें पाठविली होती. ती त्यांनीं गुडघ्यांना चोळावयास ठेवून दिली आणि शेंगदाण्याचें तेल घेतलें. सगळीं एकाच पंक्तीस बसलों. वांगीं उत्तम झालीं होतीं. मीं काकूंकडे पाहून मोठ्यानें 'एलिनिझे सालिक' म्हटलें, अर्थही सांगितला.

"मराठींत म्हण," काकू म्हणाल्या, "आणि मला नको, तिला म्हण. वांगीं सूनबाईनें केलीं आहेत. मी नुसती बसून बोलत होतें."